गर्भाशयमुखाचा कर्करोग : ठिणगी विषाणूची, इंधन मेदाम्लांचे

झाशी : मोहरी, तीळ, शेंगदाणा आणि जवस ही बुंदेलखंडच्या कोरडवाहू शेतीतील जुनी तेलबियांची पिके आहेत. झाशीच्या बाजारात या बियांचे घाणीचे तेल आजही विकले जाते. त्यांपैकी जवसाला गेल्या काही वर्षांत वेगळीच प्रसिद्धी मिळाली आहे. त्यातील ओमेगा-३ मेदाम्लांमुळे कर्करोग दूर राहतो, असे संदेश समाजमाध्यमांवरून घरोघरी पोहोचतात. दुसरीकडे तेल-तुपामुळेच कर्करोग बळावतो, अशी भीतीही पसरवली जाते. स्त्रियांच्या आरोग्याविषयी बोलताना या दोन्ही गोष्टी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला सर्रास लावल्या जातात.

मेदाम्ले आणि हा कर्करोग यांचा संबंध आहे का? गेल्या काही वर्षांतील प्रयोगशाळांमधील संशोधन या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी देते. मात्र हा संबंध स्वयंपाकघरातील तेलाच्या डब्याइतका सरळ नाही. तो नीट समजून घेतला नाही, तर ज्या तपासणीने आणि लसीने हा आजार खरोखर रोखता येतो, त्यांकडे दुर्लक्ष होण्याचा धोका आहे.

दररोज दोनशेहून अधिक मृत्यू

गर्भाशयमुख म्हणजे गर्भपिशवीचे योनीमार्गात उघडणारे तोंड. या भागाचा कर्करोग भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगानंतर दुसऱ्या क्रमांकावर आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी या आजाराचे १,२७,५२६ नवे रुग्ण आढळले आणि ७९,९०६ स्त्रियांचा मृत्यू झाला. म्हणजेच देशात दररोज सरासरी दोनशेहून अधिक स्त्रिया या आजाराने दगावतात. जगभरात या कर्करोगाने होणाऱ्या दर पाच मृत्यूंपैकी एकाहून अधिक मृत्यू भारतात होतो.

हा कर्करोग एका रात्रीत होत नाही. विषाणूचा संसर्ग टिकून राहिल्यावर पेशींमध्ये कर्करोगपूर्व बदल होतात आणि त्यांतून कर्करोग निर्माण व्हायला साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात. प्रतिकारशक्ती क्षीण असेल, तर हा काळ ५ ते १० वर्षांवर येतो. आजार रोखण्यासाठी एवढा मोठा अवधी देणारे कर्करोग थोडेच आहेत.

मूळ कारण विषाणूच

या कर्करोगाच्या बहुतांश रुग्णांमध्ये मूळ कारण ह्युमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही हे असते. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार गर्भाशयमुखाच्या गाठींमध्ये शोधून काढले. त्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. जगभरातील सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये हेच दोन प्रकार कारणीभूत असतात.

लैंगिक संबंधांतून पसरणारा हा संसर्ग अत्यंत सर्वसामान्य आहे. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्या शरीरात तो टिकून राहतो, त्यांच्या पेशींमध्ये विषाणूची ‘ई-६’ आणि ‘ई-७’ ही दोन प्रथिने काम करू लागतात. पेशीच्या अनिर्बंध वाढीला लगाम घालणारी ‘पी-५३’ आणि ‘आरबी’ ही संरक्षक प्रथिने ती निकामी करतात. लगाम सुटलेली पेशी मग पुनःपुन्हा विभागत राहते. मेदाम्लांचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो.

मेदाम्ले म्हणजे काय?

तेल, तूप, लोणी किंवा शरीरातील चरबी यांचे मूळ घटक म्हणजे मेदाम्ले. कार्बनच्या अणूंची ही साखळी असते. साखळीत दुहेरी बंध नसेल, तर ते संपृक्त मेदाम्ल. पामतेलात आणि तुपात भरपूर असणारे, १६ कार्बनचे पामिटिक आम्ल हे त्याचे उदाहरण. एक दुहेरी बंध असलेले ओलेइक आम्ल शेंगदाणा आणि ऑलिव्ह तेलात मुबलक असते. एकाहून अधिक दुहेरी बंध असलेल्या मेदाम्लांना बहुअसंपृक्त म्हणतात. करडई-सूर्यफुलातील लिनोलेइक आम्ल हे ओमेगा-६ गटातील, तर जवसातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल आणि माशांमधील डीएचए ही ओमेगा-३ गटातील मेदाम्ले आहेत.

शरीराला मेदाम्ले तीन कामांसाठी लागतात. त्यांपासून ऊर्जा मिळते, पेशीभोवतीचे आवरण तयार होते आणि पेशींना परस्परांशी संवाद साधण्यासाठी लागणारे रासायनिक संदेशवाहकही बनतात. वेगाने विभागणाऱ्या कर्करोगाच्या पेशीला या तिन्ही गोष्टी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक लागतात. दर विभाजनाला तिला एका नव्या पेशीचे संपूर्ण आवरण उभे करावे लागते.

गाठ स्वतःच मेद तयार करते

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या बहुतेक पेशी मेदाम्ले आहारातून, रक्तामार्फत घेतात. ती नव्याने तयार करण्याचे काम प्रामुख्याने यकृत, चरबीच्या पेशी आणि स्तनपानाच्या काळातील स्तन यांपुरते मर्यादित असते. कर्करोगाच्या गाठी मात्र हे काम स्वतःच करतात, असे ग्रेस मेडेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९५३ मध्येच दाखवून दिले होते.

या कामाची सूत्रे ‘फॅटी ॲसिड सिंथेज’ या विकराकडे, म्हणजे एन्झाइमकडे असतात. दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडत हे विकर १६ कार्बनचे पामिटिक आम्ल तयार करते. त्यासाठीचा कच्चा माल प्रामुख्याने ग्लुकोजपासून मिळतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात या विकराचे प्रमाण वाढलेले आढळते. चीनमधील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे विकर कर्करोगाला लसीका ग्रंथींपर्यंत पसरण्यास मदत करत असल्याचे दिसून आले.

या निष्कर्षाचा सामान्य वाचकासाठी एक थेट अर्थ आहे. ज्या मेदाम्लाची गाठीला गरज आहे, ते ती साखरेपासूनही बनवू शकते. त्यामुळे केवळ ताटातील तूप काढून टाकल्याने गाठीची उपासमार होत नाही.

बाहेरून येणारा पुरवठा

गाठ मेद तयार करते, तसाच तो रक्तातून ओढूनही घेते. त्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर ‘सीडी-३६’ नावाचे प्रथिन असते. ते मेदाम्लांसाठी उघडलेल्या दरवाजासारखे काम करते. स्पेनमधील बार्सिलोना येथील संशोधकांनी २०१७ मध्ये मुखाच्या कर्करोगावर केलेल्या प्रयोगांत असे दाखवले, की शरीरात इतरत्र पसरण्याची क्षमता असलेल्या पेशींमध्ये हे प्रथिन विशेष प्रमाणात असते आणि पामिटिक आम्लाने त्यांची ही क्षमता वाढते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी चीनमध्ये झालेला असाच अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ओलेइक आम्लामुळे कर्करोगाच्या पेशींवरील सीडी-३६ वाढले आणि गाठीची वाढही वेगाने झाली. त्यानंतर २०२० मध्ये ‘एफएबीपी-५’ या प्रथिनावरील संशोधन पुढे आले. पेशीच्या आत मेदाम्लांची ने-आण करणाऱ्या या प्रथिनाचा लसीका ग्रंथींमधील प्रसाराशी संबंध असल्याचे त्यात आढळले.

या संशोधनाचा रोख पुनःपुन्हा लसीका ग्रंथींकडेच का वळतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१८ च्या वर्गीकरणानुसार कर्करोग लसीका ग्रंथींत पोहोचला, की गाठ लहान असली तरी आजार तिसऱ्या टप्प्यातील मानला जातो. उपचारांची दिशा त्यावर ठरते. मेदाम्लांचा अभ्यास उद्या या प्रसाराचा अंदाज बांधण्यास किंवा तो रोखण्यास उपयोगी पडेल, ही शास्त्रज्ञांची आशा आहे. फॅटी ॲसिड सिंथेज रोखणारी काही औषधे मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचली आहेत. तथापि गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील नेहमीच्या उपचारांत अद्याप त्यांपैकी एकाचाही समावेश नाही. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि सिस्प्लॅटिनसारखी औषधे हाच आजही उपचारांचा मुख्य आधार आहे.

दाहाची साखळी

मेदाम्लांचा तिसरा मार्ग दाहातून जातो. लिनोलेइक आम्लापासून शरीर ॲरॅकिडोनिक आम्ल बनवते. ‘कॉक्स-२’ हे विकर त्याचे रूपांतर प्रोस्टाग्लँडिनमध्ये घडवून आणते. जखम झाल्यावर होणारी सूज, ताप आणि वेदना यांमागे हीच रसायने असतात. विषाणूची ई-६ आणि ई-७ प्रथिने कॉक्स-२ ची निर्मिती वाढवतात, असे प्रयोगांत आढळले आहे. दीर्घकाळ टिकणाऱ्या अशा दाहामुळे पेशींची वाढ आणि नव्या रक्तवाहिन्यांची निर्मिती यांना चालना मिळते. म्हणजे विषाणू आणि मेदाम्ले ही दोन वेगळी कारणे नाहीत. विषाणूने सुरू केलेल्या प्रक्रियेत मेदाम्ले वापरली जातात.

जवसाचा दावा कितपत खरा?

जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो, हे खरे आहे. ओमेगा-३ मेदाम्लांविषयी प्रयोगशाळेत आशादायक निष्कर्ष आले, हेही खरे आहे. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले, की डीएचएमुळे कर्करोगाच्या पेशींतील ई-६ आणि ई-७ ही विषाणूची प्रथिने नष्ट होतात. त्याआधी १९९५ मध्ये भारतातील वैद्यकीय संशोधक उंदुर्ती दास आणि त्यांच्या सहकाऱ्याने ‘हेला’ पेशींवर केलेले काम प्रसिद्ध झाले होते. काही बहुअसंपृक्त मेदाम्ले या पेशींना मारक ठरतात, असे त्यात दिसले. हेला पेशी म्हणजे हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत असलेल्या पेशी.

मात्र या निष्कर्षांवरून जवसाचे तेल औषध ठरत नाही. त्याला तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे जवसात डीएचए नसते. अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून डीएचए बनवण्याची मानवी शरीराची क्षमता अतिशय कमी आहे. दुसरे म्हणजे काचेच्या ताटलीतील पेशींना दिलेली मेदाम्लाची मात्रा आणि पोळी-भाजीतून गर्भाशयमुखापर्यंत पोहोचणारी मात्रा यांची तुलना होऊ शकत नाही. तिसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. प्रयोगांचे निष्कर्ष परस्परांशी नेहमी जुळत नाहीत. चीनमधील अभ्यासात ओलेइक आम्लाने गाठीला बळ दिले. बार्सिलोनाच्या चमूने २०२१ मध्ये मुखाच्या आणि त्वचेच्या कर्करोगावर केलेल्या अभ्यासात मात्र पामिटिक आम्लाने पेशींमध्ये सोडलेला दीर्घकालीन दुष्परिणाम ओलेइक किंवा लिनोलेइक आम्लाने सोडला नाही. अवयव, पेशी आणि परिस्थिती बदलली, की मेदाम्लाची भूमिकाही बदलते. त्यामुळे एखादे तेल ‘कर्करोगाचे’ आणि दुसरे ‘कर्करोगावरचे’ अशी विभागणी विज्ञानाला मान्य नाही.

मग आहार कसा असावा?

आहाराकडे दुर्लक्ष करावे, असा याचा अर्थ नाही. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तेलाचे प्रमाण मर्यादित ठेवावे, एकाच तेलावर विसंबू नये आणि तळणीचे तेल पुनःपुन्हा तापवू नये, असे सांगितले आहे. वनस्पती तुपातील घातक ट्रान्स मेदांचे प्रमाण १ जानेवारी २०२२ पासून देशात २ टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले आहे. हृदयविकार, मधुमेह आणि लठ्ठपणा टाळण्यासाठी हे नियम उपयुक्त आहेत. लठ्ठपणाचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मात्र मर्यादित पुराव्यावर आधारलेला आहे. तंबाखू सोडण्याचा लाभ याहून निश्चित आहे. धूम्रपानामुळे या कर्करोगाचा धोका वाढतो, हे सिद्ध झाले आहे.

उपचार सुरू असलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांनी विशेष काळजी घेणे आवश्यक आहे. ‘गाठीला खाद्य नको’ या समजुतीतून रुग्णाचे तेल, तूप, दूध बंद केले, तर वजन घटते, अशक्तपणा वाढतो आणि किरणोपचार सहन करणे कठीण होते. आहारातील कोणताही मोठा बदल उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

धाराशिवने जगाला दिलेला धडा

तेलाच्या चर्चेत मागे पडणारा सर्वांत भक्कम पुरावा महाराष्ट्रातून आलेला आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांमध्ये १९९९ मध्ये एक मोठी चाचणी सुरू झाली. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा हा संयुक्त प्रकल्प होता. डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने हे त्यातील प्रमुख संशोधक होते. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा त्यात समावेश होता.

त्यांचे चार गट करण्यात आले. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पेशीतपासणी, तिसऱ्याची ॲसिटिक आम्ल लावून तपासणी झाली. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. आठ वर्षांनंतर एचपीव्ही चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांमध्ये या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते. नेहमीची सेवा मिळालेल्या ३१,४८८ स्त्रियांमध्ये ही संख्या ६४ होती. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी जगभरातील तपासणीची धोरणे बदलली. तपासणी न झालेला गट ठेवण्याच्या निर्णयावर पुढे नैतिक आक्षेपही घेण्यात आले. त्या गटातील मृत्यूंची संख्या पाहता ते आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नव्हते.

मुंबईतील वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९९८ पासून दुसरी चाचणी झाली. सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेल्या या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ॲसिटिक आम्लाने तपासणी केली. १२ वर्षांत मृत्यूंमध्ये ३१ टक्के घट झाली. धाराशिवमध्ये एकदाच केलेल्या याच तपासणीने लक्षणीय घट झाली नव्हती. ही तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करणे का महत्त्वाचे आहे, हे या दोन निष्कर्षांवरून कळते.

या तपासणीत ३ ते ५ टक्के ॲसिटिक आम्ल, म्हणजे जवळपास स्वयंपाकघरातील व्हिनेगरइतकेच सौम्य द्रावण, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखावर लावले जाते. दोष असलेला भाग साधारण मिनिटभरात पांढरा दिसू लागतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ॲसिटिक आम्ल हेही दोन कार्बनचे, मेदाम्लांच्याच कुळातील अत्यंत लहान आम्ल आहे. गर्भाशयमुखाच्या बाबतीत ज्याचा उपयोग निर्विवाद सिद्ध झाला आहे, असे या कुळातील आम्ल आज हेच म्हणावे लागेल. ते तेलाच्या बाटलीत नव्हे, तर आरोग्य केंद्राच्या तपासणी टेबलाशेजारी ठेवलेले असते.

बुंदेलखंडपुढील प्रश्न

केंद्र सरकारच्या २०१६ च्या कार्यपद्धतीनुसार ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी ही तपासणी होणे अपेक्षित आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये ती समाविष्ट आहे. प्रत्यक्षात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के भारतीय स्त्रियांनी कधीतरी ही तपासणी केल्याचे सांगितले. पन्नास स्त्रियांमागे एक, असे हे प्रमाण आहे.

झाशीतील महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय १९६८ पासून कार्यरत आहे. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांत विभागलेल्या बुंदेलखंडासाठी ते उपचारांचे एक प्रमुख केंद्र आहे. मात्र हा आजार जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्यापूर्वी गावातच पकडणे, हे त्याच्यावरील खरे नियंत्रण आहे. कर्करोगपूर्व अवस्थेत दोष आढळला, तर अतिशीत किंवा उष्णता उपचाराने, बहुधा रुग्णालयात दाखल न होता, तो भाग नष्ट करता येतो.

लसीच्या बाबतीतही भारताकडे साधन उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘सर्वाव्हॅक’ ही देशी लस २०२३ मध्ये बाजारात आली. भारतात बार्शी आणि पुण्यासह विविध केंद्रांवर झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात एका मात्रेनेही १६ व १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळाल्याचे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. ९ ते १४ वर्षे वयोगटातील मुलींसाठी ही लस सर्वाधिक उपयुक्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची तपासणी आणि आजार आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार, असे उद्दिष्ट ठेवले आहे.

शरीरसंबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मधल्या काळात अंगावरून लाल जाणे, पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे आणि ओटीपोटात सतत दुखणे ही लक्षणे आढळल्यास तातडीने डॉक्टरांना दाखवावे. कर्करोगपूर्व अवस्थेत मात्र यांपैकी एकही लक्षण दिसत नाही. म्हणूनच तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने काहीही त्रास नसताना तपासणी करून घेणे आवश्यक आहे. लस घेतलेल्या स्त्रियांनाही ती चुकवता येत नाही.

मेदाम्लांवरील संशोधनातून उद्या नवे औषध किंवा नवी चाचणी मिळू शकेल. तोपर्यंत जेवणात कोणते तेल वापरावे हा प्रश्न प्रत्येक घराने हृदयाच्या आरोग्याचा विचार करून सोडवावा. गर्भाशयमुखाच्या आरोग्यासाठी घरातील स्त्रीची शेवटची तपासणी कधी झाली आणि मुलीला लस मिळाली का, हे दोन प्रश्न आधी विचारले जाणे गरजेचे आहे.